एक्केचाळीस शब्द

नंदकुमार टिपणिसांनी लाल पेन्सिलीने 'अंधेरीक' या शब्दावर काट मारली, पुढच्या 'कारखान्यात'वर मारली आणि फॉर्म उलटून पाहिला, तर मजकूर मागच्या बाजूलाही चालूच होता.

"बाई, ही तार आहे, पत्र नव्हे," ते खिडकीतून म्हणाले.

"ठावक आसा," खिडकीपलीकडची बाई म्हणाली. "पत्राक आठ दिवस लागतत. माज्याकडे शुक्रवारपावत येळ आसा."

तो सोमवार होता. फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव सुगंधा, पत्ता दिंडोशीचा, आणि तार जायची होती तिच्या नवऱ्याला, सहदेवला, मालवणकडच्या एका वाडीत. अक्षर शाळकरी पण ठाम होतं. टिपणिसांनी पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले. एक्केचाळीस भरले.

गोरेगावच्या त्या तार ऑफिसात टिपणीस बावीस वर्षं खिडकीवर होते, आणि तार कापावी तर त्यांनीच, अशी त्यांची कीर्ती मालाडपर्यंत पोचलेली होती. तारेत शब्दाला पैसे पडतात. ज्याच्या घरात आजारपण आहे किंवा ज्याला गावाहून भाऊ बोलवायचाय, त्याच्या खिशातला एकही पैसा फुकट जाता कामा नये, हे टिपणिसांचं व्रत होतं. कुणी गुरुवार धरतं, कुणी शनिवार. टिपणीस शब्द वाचवायचे. 'कृपया' सगळ्यात आधी जायचं. मग 'आणि'. मग माया, काळजी, आशीर्वाद वगैरे. 'आईची तब्येत फारच बिघडली आहे तरी लवकरात लवकर निघून यावे' असं लिहून आलेला माणूस 'आई अत्यवस्थ. निघ.' एवढं पाठवून, उरलेल्या पैशांत तिकिटाची सोय करून जायचा, आणि वर टिपणिसांना हात जोडायचा. या सवयीचा व्हायचा तो परिणाम घरीही झाला होता. सकाळी उठल्यावर बायकोशी त्यांचा पहिला संवाद 'चहा' हा असे, आणि पुष्कळदा शेवटचाही.

"यजमान गावाला कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"संप झालो तेवापासून. गिरणीत कापडाचे साचे चालवी होते. गिरण बंद पडली ती पडलीच." सुगंधाने पदराने मान पुसली. ती अंधेरीला प्लास्टिकच्या कंगव्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. "माज्याच कारखान्यात तेंका लावतंय. सुपरवायझर म्हणालो, शुक्रवारपावत जागा धरून ठेवतंय, मगे दुसऱ्याक देतलंय."

"मग झालं की. नोकरी मिळाली, गुरुवारपर्यंत या. हे कौलाचं कशाला यात?"

तेवढ्यासाठीच तर ती एवढं लिहीत होती. सहदेव देवाचा कौल घेतल्याशिवाय वाडीची वेस ओलांडत नसे. गुरव देवाच्या ओल्या पाषाणाला फुलाच्या कळ्या लावायचा. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. दोनदा मुंबईत काम मिळालं होतं, दोन्ही वेळा डावी पडली, आणि सहदेव थांबला.

"देवाचो दोष नाय," सुगंधा म्हणाली. "ह्येंच्याच मनात भिरांत आसा, परत मुंबयक येवची. ती देवाक कळता."

टिपणीस देवाला मानणारे होते. घरी सोवळ्यात पूजाही करायचे. पण देवाला तारेत घालून शब्दाचे पैसे भरायचे, हे त्यांना पटेना. कौल गेला. त्याखालच्या ओळीत एकटं राहण्याचं आणि जेवणाखाणाचं काहीतरी होतं, तेही गेलं. 'गावली'चं त्यांनी 'मिळाली' केलं, 'येवा'चं 'या'. मग वळणदार अक्षरात नव्या फॉर्मवर लिहिलं: 'नोकरी मिळाली. गुरुवारपर्यंत या. सुगंधा.' आणि तो तिच्यापुढे सरकवला. पाच शब्द! एखाद्या सुताराने रंधा मारून झाल्यावर फळीवरून हात फिरवावा तसे ते त्या फॉर्मकडे पाहत होते.

सुगंधाने तो दोनदा वाचला.

"ह्यात मी खंय आसंय?"

"हे काय, खाली नाव आहे ना."

मागे रांग वाढली होती आणि कुणीतरी 'चला ना ताई' म्हणत होतं. तिने रुमालाची गाठ सोडली, पैसे दिले आणि पावती घेऊन निघून गेली. तिचा एक्केचाळीस शब्दांचा फॉर्म टिपणिसांनी रद्द म्हणून बाजूच्या टोकदार सळीला टोचून ठेवला.

मंगळवारी दुपारी उत्तर आलं. आलेल्या तारा टिपणिसांच्या हातून जात नसत, पण संध्याकाळी साडेपाचला सुगंधाच ती घेऊन खिडकीशी उभी राहिली. कामावरून ती तशीच आली होती. केसांत प्लास्टिकचा बारीक भुसा होता.

'कौल नाही. येत नाही. सहदेव.'

"मी सांगितलेला तुमका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर टिपणिसांना बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या लोकांची त्यांना सवय होती.

"पुन्हा पाठवू या. सगळं लिहून."

"आता काय उपेग? एकदा कौल पडलो काय पडलो." तिने तार घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. "तुमची काय चूक नाय. तुमी माजे पैशे वाचवलास." आणि ती गेली.

त्या संध्याकाळी बोरीवलीच्या घरी शुभाताईंनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं, तर ते आमटीत भात कालवत नुसते बसून राहिले. तारेतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम त्यांनी बावीस वर्षं पाळला होता. आज त्यांनी नाव आणि गाव वगळून सगळं सांगितलं. शुभाताई मराठी शाळेत पाचवीला शिकवायच्या. ऐकताना मध्ये बोलायच्या नाहीत.

"तिनं काय लिहिलं होतं मूळचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

टिपणिसांना वाटलं, आपल्याला आठवणार नाही. दिवसाला शंभर तारा हातून जातात. पण ते बोलायला लागले आणि बाईचे शब्द तिच्याच बोलीत, तिच्याच क्रमाने येत गेले. पाठवलेले पाच त्यांना एवढे पाठ नव्हते, जेवढे कापलेले होते. 'माका एकटीक हंय करमणा नाय' या वाक्यापाशी शुभाताईंनी तूप वाढायला उचललेली वाटी परत खाली ठेवली. पुढचं त्यांनी तसंच, वाटीवर हात ठेवून ऐकलं.

"आणि हे तुम्ही कापलंत."

"पैसे वाचावेत म्हणून गं."

"ते कळलं. मी रागवत नाहीये." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "लग्न ठरल्यावर तुम्ही मला कोल्हापूरहून पत्र पाठवलं होतंत. चार पानी. मैत्रिणींनी चिडवून जीव नकोसा केला होता. तो माणूस कुठल्या खिडकीवर बसतो हल्ली?"

टिपणीस जेवले, हात धुतले, आणि बऱ्याच वेळाने, दिवा मालवताना म्हणाले, "आमटी चांगली झाली होती आज." शुभाताईंनी अंधारात मान वळवून बघितलं. हे चार-पाच शब्द त्यांच्या हिशेबात बोनसच होते.

बुधवारी ऑफिस उघडल्याबरोबर टिपणिसांनी रद्द फॉर्मांच्या सळीवरून सुगंधाचा कागद काढला. आपल्याच लाल रेघांखालून तो वाचावा लागत होता. त्यांनी तो कोऱ्या फॉर्मवर जसाच्या तसा उतरवला. 'गावली'चं 'गावली'च ठेवलं, 'येवा'चं 'येवा'. अर्जंटचा शिक्का मारला, पैसे स्वतःच्या पाकिटातून गल्ल्यात टाकले. यंत्रावर बसलेल्या चंद्रप्रकाशने मजकूर बघितला आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाहिलं.

"टिपणीससाहेब, बरं नाही का वाटत?"

"पाठव रे. एक अक्षर गाळू नकोस."

हे आपण त्या बाईला न विचारता करतोय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तार गेलेली होती. पण कुठेतरी बरंही वाटलं. आता वाडीत संध्याकाळपर्यंत तार पोचेल, रात्रीची एसटी मिळेल, गुरुवारी माणूस इथे. ते दिवसभर मनातल्या मनात त्या एसटीचे थांबे मोजत राहिले.

दुपारी तीनच्या सुमाराला सुगंधा आली. तिच्यासोबत एक उंच, दाढी वाढलेला माणूस होता. खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर लाल माती. दोघांच्याही चेहऱ्यावर भलत्या जागी हसू फुटू पाहत होतं.

"ह्ये माजे घोव," सुगंधा म्हणाली. "आज सकाळीच इले."

टिपणीस खिडकीतच उभे राहिले. सकाळी पाठवलेली तार आणि सकाळी आलेला माणूस, हा हिशेब काही केल्या जुळेना.

"पण तार तर... मिळाली ना तार तुम्हाला?"

"गावली तर!" सहदेवने खिशातून चुरगळलेला कागद काढून खिडकीच्या फळीवर पसरला. नोकरी मिळाली. गुरुवारपर्यंत या. "काल सकाळी देवाक कौल लावलो. डावो पडलो. नाय येत म्हणान तार केलंय. मगे घराक जावन ही परत वाचलंय, आणि पिशवीच खांद्याक लावलंय."

"का?"

"आवो, ही काय माज्या बायलेची तार?" सहदेव सुगंधाकडे बोट दाखवून म्हणाला. "ही बाजारात धाडली तर मीठ आण म्हणान सांगूक पाव तास घेता. हिच्यात ती नायच. नुसता नाव. आमच्यात, सायब, मरणाची खबर कोण सरळ धाडणा नाय. कायतरी वेगळाच कारण लिवतत, माणूस वाटेत कोसळा नये म्हणान. माका वाटला, सुगंधा गेली. शेजाऱ्यांनी नोकरीचा निमित्त करून माका बोलावल्यानी."

चंद्रप्रकाशच्या यंत्राची टकटक थांबली.

"मगे परत देवाक विचारलास?" सुगंधाने विचारलं. हा प्रश्न तिने सकाळपासून विचारला नसावा.

"तेका विचारूक येळ खंय होतो?" सहदेव म्हणाला. "उठलंय आणि इलंय."

सुगंधाने दुसरीकडे बघितलं आणि पदराचं टोक उगाच पिळत राहिली.

"आता आवशीक तार करूची आसा," सहदेव टिपणिसांना म्हणाला. "ती थंय रडत बसली आसतली. हिका काय झाला नाय, मी उद्यापासून कामार जातंय, असा लिवा."

"त्यांना कळेल," टिपणीस म्हणाले. "आज सकाळी दुसरी तार गेलीय. म्हणजे मी पाठवली. तुमचीच, सुगंधाबाई. आधीची. सगळी."

सुगंधाचा हात पदरावरच थांबला.

"सगळी?"

"सगळी."

"अरे देवा!" तिने कपाळावर हात मारला. "ती आता सासूच्या हातात पडतली! तिका वाचूक येणा नाय. पोस्टमन वाचून दाखवतलो, आणि तो खळ्यात उभो रवान वाचता. आख्खी वाडी जमतली!" ती बाकड्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता रडलीही, आणि ते तिने लपवलं नाही. "आता मी शिमग्याक गावाक जावचंय कशी?"

टिपणीस ओशाळले. शब्द कापले तेव्हा चूक झाली, घातले तेव्हाही झालीच. पण बाई हसत होती, आणि माणूस आलेला होता. माफी मागावी की आनंद व्हावा, हे त्यांना ठरवता येईना.

"काय लिवलेला तिच्यात?" सहदेवने बायकोला विचारलं.

"काय नाय."

"काय नाय तर रडतस कित्याक?"

सहदेव खिडकीकडे वळला.

"सायब, तुमी सांगा."

"तारेतला मजकूर बाहेर सांगता येत नाही," टिपणीस म्हणाले. "ज्याच्या नावावर आहे, त्यालाच फक्त."

"मगे ती माज्याच नावार ना?"

टिपणिसांनी सुगंधाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण नको म्हणाली नाही. ती बाकड्यावर पाठ करून बसली, एवढंच.

रांगेत सहाजण उभे होते. टिपणिसांनी लाल पेन्सिल कानामागे सारली, दोन्ही हात फळीवर टेकले आणि बोलायला सुरुवात केली. मालवणी त्यांच्या तोंडी बसत नव्हती, तरी त्यांनी एकही शब्द बदलला नाही. तुमका नोकरी गावली. अंधेरीक कारखान्यात. शुक्रवारी सकाळी हजर रवाचा. देवाक कौल लावू नका, मी हंयच्या देवाक सांगितलंय. माका एकटीक हंय करमणा नाय. जेवान दोघांचा रांधतंय आणि उरलेला सकाळी खातंय. तुमी नाय इलास तर मी गावाक येतलंय, मगे दोघांय उपाशी रवया. येवा.

सहदेव दोन्ही हातांनी पिशवीचा पट्टा धरून ऐकत होता. टिपणीस थांबल्यावरही तो तसाच उभा राहिला.

"फुडे?" त्याने विचारलं.

"संपलं. एवढंच आहे."

"एवढाच?"

सुगंधा बाकड्यावरून उठली, नवऱ्याच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"बाकीचा घराक चला, मगे सांगतंय."