शेकोटीजवळची बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. नाजूकपणा माझ्या स्वभावात नाही आणि रूपातही नाही. अंगावर तीन पोचे आहेत, कडी दोनदा बदललेली आहे आणि बुडाला वाटाण्याएवढे भोक आहे. आज मला माझी हकिगत जरा घाईने सांगावी लागणार आहे. का, ते कळेलच.

शहरातल्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून बनवले आणि दोन मुलांच्या आईने मला विकत घेतले. थोरली ताई आणि धाकटा भाऊ. थंडी संपत आली की सगळी गल्ली मोडक्या खुर्च्या, खोकी, वाळलेल्या फांद्या आणून मैदानात रचायची, आणि संध्याकाळी शेकोटी पेटायची. बटाटे भाजले जायचे, तोंडे काळी व्हायची. मी पाणी घेऊन एका बाजूला उभी असे. मुलांना वाटायचे, ही हात धुवायला ठेवली आहे.

एका वर्षी ताईच्या बाहीवर ठिणगी पडली. ती किंचाळलीसुद्धा नाही, नुसती बाहीकडे बघत राहिली. आईने मला उचलले आणि पोरीच्या अंगावर पालथी केली. हात कोपरापर्यंत भाजला, पण ताई वाचली. त्या दिवसापासून आईने नियमच केला, माझ्यात हात घालून पाणी बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. आईच्या मागे तो ताईने सांभाळला. ती आजही लांब बाह्यांचेच कपडे घालते.

धाकटा भाऊ आता बाबा झाला आहे. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला सगळे खारू म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. घरातला आरसा कमी पडतो म्हणून की काय, ती येता-जाता माझ्यात डोकावते आणि पाण्यात स्वतःला बघून वेडीवाकडी तोंडे करते. मी पोक्त बादली, पण मला ते आवडते.

गेल्या महिन्यात माझे बूड गळू लागले. नवी आणायची गोष्ट निघाली तेव्हा बाबा म्हणाला, "शेकोटीला आईचीच बादली हवी. शहरात नेऊन भोक बुजवून आणू." म्हणून काल बाबा, खारू आणि मी बसने शहरात गेलो. वाटेत बाबा आपल्या लहानपणच्या शेकोट्यांच्या गोष्टी सांगत होता.

"बटाटा इतका गरम असायचा, की या हातातून त्या हातात नाचवायचो. आणि तुझी आत्या तर निखाऱ्यांवरून उडी मारायची."

"आत्याच्या हाताला काय झालंय?"

"काही नाही गं. जुनं आहे ते," बाबा म्हणाला, आणि परत बटाट्यांकडे वळला.

मी त्याच्या पायाशी होते. मला फार वाईट वाटले. जी गोष्ट सांगायला हवी होती, नेमकी तीच त्याने गाळली.

कारागिराच्या जागी आता लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान आहे. बाबा हिरमुसला. खारू मात्र काचेला नाक लावून उभी राहिली. शेवटी आतून एक जाळीचा, झालरींचा, चांगला घेरदार गुलाबी फ्रॉक निघाला. घडी घालता घालता दुकानातल्या बाई म्हणाल्या, "इस्त्री लांबूनच फिरवा हं. जरा गरम लागलं की हे कापड वितळतं." बाबाने मान डोलावली आणि फ्रॉक माझ्यात ठेवला. मी गप्प बसले. बादलीने दुसरे काय करायचे?

परतताना बसचा ड्रायव्हर म्हणाला, "बादलीला शहर दाखवायला नेलं होतं का?" बाबाने भोक दाखवले. ड्रायव्हर हसला. "एवढंच ना? साबण कोंबा घट्ट. माझ्या डिझेलच्या टाकीला भोक पडलं होतं. साबणावर आठवडाभर गाडी हाकली."

ड्रायव्हरचे खरे होते, मित्रांनो. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. पण माझ्यात डिझेल नसते.

आज दुपारी बाबाने भोकात साबण कोंबला, मला काठोकाठ भरून मैदानात ठेवले आणि पाच मिनिटे थांबून बघितले. एक थेंब गळला नाही. तो खूश होऊन गेला. तासाभराने साबण बुळबुळीत झाला. मग बारीक धार लागली, आणि खालच्या मातीने ती मुकाट्याने पिऊन टाकली. संध्याकाळपर्यंत माझ्यात थोडा फेस तेवढा उरला.

मघाशी ताईचा फोन आला. तिचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. "मला उशीर होतोय, तुम्ही पेटवा. पण बादली बघितलीस ना?"

"काठोकाठ भरलीय, ताई. माझ्या हातांनी भरलीय."

तो खोटे बोलत नव्हता.

आता गल्ली जमली आहे. खारू नवा फ्रॉक घालून गिरक्या घेते आहे. वारा तिच्या पाठीमागून येतो आणि झालरी रचलेल्या लाकडांकडे उडतात. आत्ताच ती नेहमीसारखी माझ्यात डोकावली आणि थबकली.

"बाबा, बादलीत मी दिसतच नाहीये."

"अंधार पडलाय ना, म्हणून," बाबा काडेपेटी चाचपत म्हणाला. "जाळ पेटला की दिसशील."

पहिली काडी वाऱ्याने विझली. तो दुसरी काढतो आहे. माझे तोंड एवढे मोठे, पण त्यातून शब्द फुटत नाही. मला घासूनपुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणत नाही, ती हौस मला कधीच नव्हती. फक्त मला जागेवर उभी बघून निर्धास्त होऊ नका. मित्रांनो, तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल, त्याने आधी माझ्यात हात घालून बघावे.