सतरावा मानकरी

बिस्किटाचा लगदा बाबांच्या हनुवटीवरून ओघळला, तो तिने खांद्यावरच्या दुपट्याने टिपला. दुपटं खरं तर बाळाचं. पण आताशा घरात कोणतं फडकं कुणाचं, हे बघणं तिने सोडून दिलं होतं.

समोर दादा बसला होता, बूट न काढता. मांडीवर वृद्धाश्रमाचा अर्ज. त्यावर फक्त तिची सही राहिली होती.

“दोन-दोन लेकरं एकटीने ओढतेस,” तो म्हणाला. “आरशात बघितलंस का स्वतःला? तिथे निदान नर्स असते. आणि बाबांना आता इथे काय नि तिथे काय, काही कळतंय का?”

“कळतं. चूक काढतात माझी.”

“ती तर सगळेच काढतात.”

ती हसली नाही. उठून तिने कपाटातली वही काढली.

जाड पुठ्ठ्याची ती वही दादालाही ठाऊक होती. टीव्हीवरच्या कुस्तीतला एक सोनेरी पट्टा, त्याचा सगळा इतिहास तिच्यात होता: कितवा मानकरी, पट्टा कुणाकडून जिंकला, कधी, किती दिवस टिकवला. बाबा आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. वहीतल्या रेघाही तशाच, केसाएवढी कसर नसलेल्या. पट्टा कुणाकडेच नसायचा ते दिवसही ते सोडत नसत. तिथे लिहीत, ‘रिकामा’. दादा चिडवायचा, सगळं आधी ठरवलेलं असतं, खोटी कुस्ती. बाबा म्हणायचे, “निकाल खोटा असेल रे. आपटल्यावर पाठ खरीच दुखते.”

लहानपणी रविवारी दुपारी ती वही मोठ्याने वाचायची आणि मध्येच मुद्दाम एखादी ओळ चुकवायची. बाबा डोळे मिटून ऐकत. “चूक,” म्हणत, आणि बरोबर काय ते सांगत. आजारपणात ते सांगणं गेलं. मग बाकीचे शब्द गेले, तिचं नावही गेलं. ‘चूक’ तेवढं राहिलं. त्यांना शीण नको म्हणून ती आता रोज एकच ओळ वाचायची, तीही चुकवून. बाबा रोज ती पकडायचे. त्या एका शब्दावर तिचा दिवस निघायचा.

“आज पकडली नाही, तर सही करते,” ती म्हणाली.

दादाने खुर्ची पुढे ओढली. तिने वही उघडली, ती नेमकी सतराव्या मानकऱ्याच्या पानावर. ही ओळ वेगळ्या शाईतली. उभ्या जन्मात बाबांची हुकलेली लढत ही एवढीच. त्या संध्याकाळी ते प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यात विचारून त्यांनी ती लिहिली होती, आणि समासात बारीक अक्षरात: मुलगी झाली.

काम सोपं होतं. एखादं नाव बदलायचं, नाहीतर तारीख एक दिवस पुढे ढकलायची. पण आत बाळ रडायला लागलं, आणि ही ओळ तिला इतकी पाठ होती की जीभ आपसूक सरळ चालली.

“सतरावा मानकरी, लोहार. मुखवटेवाल्याकडून. सात मार्च.”

वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. एक अक्षरही बदललं नव्हतं.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

“चूक,” ते म्हणाले. रोजच्यासारखंच, ठाम.

दादाने मांडीवर थाप मारली. “अगं, खरंच की.” पुढे वाकून त्याने बाबांचे दोन्ही गुडघे धरले. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “तुमच्या कुस्तीसारखं आधी ठरवलेलं नाही ना?”

“नाही.”

तिने वही मिटली. बोट त्याच पानात अडकून राहिलं.

दादाने अर्जाची घडी घातली, घडीची पुन्हा घडी घातली आणि ती खिशात टाकली. “रविवारी येत जाईन मी. मलाही शिकव, कसं वाचायचं ते.”

आत बाळाचा आवाज चढला होता. तिने बाबांची हनुवटी पुन्हा एकदा टिपली. ती कोरडीच होती.

“एक ओळ चुकवून वाचायची,” ती म्हणाली. “बरोबर तेवढी कधी वाचायची नाही.”