दुर्बिणीतला कावळा

भाताला वरून कोरड यायला लागली तरी कावळा शिवत नव्हता.

ज्ञानोबातात्यांचा दहावा होता. नदी आपली म्हणायला नदी. अंघोळीचं पाणीसुद्धा आम्ही टँकरमधून पिंपात भरून आणलेलं. वाळूत पिंड मांडून गुरुजी बाजूला झाले आणि आम्ही सगळे समोरच्या बाभळीकडे तोंड करून बसलो. बाभळीवर कावळ्यांना तोटा नव्हता. त्या दुष्काळात तेही आमच्याइतकेच उपाशी; लेकराच्या हातातली भाकरी ओढून न्यायला कमी करत नव्हते. आणि इथं दहीभात समोर ठेवलाय, तर एकाला खाली उतरवत नव्हतं.

तात्यांचा एकुलता एक मुलगा उत्तरेश्वर हात जोडून उभा होता. डोकं, मिशा, सगळं काढलेलं. गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला असला की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करत जायचं. ज्या शब्दावर कावळा शिवेल, ती गेलेल्याची इच्छा.

"पाखऱ्याला इकणार न्हाई म्हण," रामकिसनमामा म्हणाले. मामा म्हणजे उत्तरेश्वरच्या आईचे भाऊ, आणि पाखऱ्या म्हणजे तात्यांचा बैल.

"पाखऱ्याला इकणार न्हाई, तात्या."

फांदी हलली नाही.

"आईला अंतर देणार न्हाई म्हण."

तेही म्हणून झालं. डाळिंबाची बाग पुन्हा लावतो म्हणून झालं, तात्यांच्या बहिणीला दिवाळीला आणतो म्हणून झालं. बसलेल्यांपैकी ज्याला जे सुचेल ते तो सांगे आणि उत्तरेश्वर बिचारा निमूट कबूल करी. शेवटी गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या का?"

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "माझ्या बापाला खराच पायजे." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. काय अडकलंय ते त्याला माहीत होतं आणि मलाही. बाकीच्यांना कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

झालं होतं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडाला सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. कारखाना बंदच होता, त्यामुळं उरलासुरला ऊस जनावरांच्या पुढ्यात आला. तात्यांचा पाखऱ्या आणि माझी म्हैस शेजारी शेजारी बांधलेली, आणि आम्ही माणसंही तिथंच पालं ठोकून राहिलेलो. पाण्याची पिंपं ओढून ओढून पाखऱ्याचा खांदा आला होता, जुवाखाली सोलून जखम झाली होती. जोडीचा बैल त्याच कामात बसला तो उठलाच नाही. राहिला हा एक.

जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, जखमेला हवा लागू द्या. सांगायला काय जातंय! पोतं बांधलं की खाली आळ्या, उघडं ठेवलं की कावळे. बैलाची शेपूट खांद्यापर्यंत पोचत नाही. कावळा निवांत वशिंडाला टेकून बसे आणि टोचा मारी. तात्या काठी घेऊन उठेपर्यंत दुसरा येई. त्यांचं वय झालेलं, किती वेळा उठणार? चार घास टोचून नेले की पाखऱ्या नुसता थरथरायचा. जखम हाडाला लागली तर बैल गेला म्हणून समजा, असं डॉक्टर जाताना बोलून गेले.

उत्तरेश्वरकडं छऱ्याची बंदूक होती, डाळिंबाच्या बागेत पोपट हाकलायला घेतलेली. बाग वाळली, बंदूक राहिली. पण नेम धरायची पुढची माशी वाकडी झालेली. कावळ्यावर नेम धरावा तर छर्रा बैलातच जायचा. मग त्यानं ठरवलं, वर दुर्बीण बसवायची.

पहिल्यांदा पठ्ठ्या नगरला जाऊन सगळ्यात मोठी दुर्बीण घेऊन आला. ऐटदार, आत लाल दिवा लागणारी. बसवून बघितली तर लांबचं देवळाचं शिखर स्वच्छ दिसे आणि पुढ्यातला बैल मात्र धुक्यात. दोन-चार बार काढले तर आतली नेमाची फुली डगडगायला लागली. मी शिव्या घातल्या. "अबे, लांब मारायच्या बंदुकीची हाय ती. आपली स्प्रिंगची. ही मागं बी लाथ मारती आन् पुढं बी. साधी दुर्बीण कशी टिकंल?" मला तरी कुठं माहीत होतं, रात्री मोबाईलवर बघून शहाणा झालो होतो.

दुसऱ्या खेपेला लहानच आणली. स्प्रिंगच्या बंदुकीसाठीच बनवलेली, आणि पुढं एक कडं फिरवलं की जवळचं, लांबचं, पाहिजे तसं नितळ होणारं. बंदुकीच्या पाठीवरच्या खाचांत दोन कड्या बसवल्या. लाथेनं दुर्बीण मागं सरकू नये म्हणून मागच्या कडीचा अडवणारा स्क्रू पाठीवरच्या भोकात उतरवला. पालाच्या आढ्याला दोरी बांधून खाली नट लोंबकळत सोडला आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. तात्या बाजेवरून हे सगळं बघत होते.

"गवंड्यावानी ओळंबा लावून कावळा मारनार व्हय रे?" ते म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, "नगं मारू. त्यो आपलंच खातोय. उद्या त्यालाच हात जोडावं लागत्यात."

"मंग पाखऱ्या मरू द्यू का?" उत्तरेश्वरनं विचारलं. बैलावर तात्यांचा जीव होता. ते कूस बदलून निजले.

काडेपेटी ठेवून नेम बांधला. छर्रा खाली लागला की वरची घुंडी फिरव, बाजूला लागला की शेजारची, असं करत संध्याकाळपर्यंत काडेपेटीचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी वशिंडावरचा कावळा पडला. पाखऱ्याच्या अंगावर ओरखडा नाही! उत्तरेश्वरनं तो उलटा करून काठीला टांगला आणि छावणीवर जे कावळे गोळा झाले म्हणता, ऐकणाऱ्याचे कान किटले. तात्यांनी उठून तो मेलेला कावळा सोडवला आणि माळावर पुरून आले.

तेव्हापासून उत्तरेश्वर दिसला की कावळे उठत. हातात बंदूक असो नसो. मला भीत नव्हते, तात्यांना भीत नव्हते, फक्त त्याला. त्यानं आपलं बैलाजवळ बसून राहायचं, की खांद्याकडं एकही फिरकत नसे. "माझ्या पोराचं बुजगावनं झालं," तात्या येईल-जाईल त्याला सांगत आणि खूश होऊन हसत. कारण जखम भरत होती. खपली धरली, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी तात्या बैलापुढं बसल्या बसल्या गेले. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. हातात पाखऱ्यासाठी सोललेलं उसाचं कांडं तसंच होतं.

आता ते बुजगावणं बापाच्या पिंडाशी हात जोडून उभं होतं. मुंडन केल्यामुळं गावातल्या दोघातिघांनी त्याला ओळखलं नव्हतं. कावळ्यांनी बरोबर ओळखलं.

मी त्याच्याजवळ गेलो. "उत्तरेश्वर, हितनं हल. तू गेल्याबगर ते येनार न्हाईत."

"म्या पोरगा हाय त्यांचा," तो म्हणाला. "म्या कुटं जाऊ?"

मला रडू आलं, आणि मी रागानं त्याचा दंड धरून ओढत त्याला छावणीकडं नेलं. लोक बघत राहिले.

माळावरून नदी दिसत होती, पण माणसं ठिपक्याएवढी. उसाच्या वाढ्याच्या ढिगाआड आम्ही दडलो. "बंदूक आन," तो म्हणाला, "त्यातनं दिसंल." मी म्हटलं, "येडा का? बंदूक वर केली की हितले उठतील, आन् त्यांच्या कालव्यानं तिथले." मग दुर्बीण सोडवायला बसलो. त्यानं बंदूक धरली, स्क्रू मी काढले. एवढा जिवापाड बांधलेला नेम गेला.

त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली, कडं फिरवलं, आणि लगेच खाली घेतली.

"फुली येती रे मधी," तो म्हणाला. "मला न्हाई बगवत. तू बग."

मी बघितलं. मामा दिसले, पत्रावळ दिसली. बाभळीवरून एक कावळा वाळूत उतरला, दोन उड्या मारून पुढं आला, मान वाकडी करून इकडंतिकडं बघितलं आणि भातात चोच घातली. काळ्या फुलीच्या बरोबर मध्यावर होता.

"शिवला," मी म्हणालो.

आम्ही पळतच खाली गेलो. उत्तरेश्वर दिसला तसे सगळे कावळे उडाले. पत्रावळीत भात विस्कटला होता. तो धापा टाकत मामांना विचारू लागला, "काय कबूल केलं तुमी, मामा? कशावर शिवला?"

"काय बी न्हाई," मामा भोळेपणानं म्हणाले. "कोनी कायच बोललं न्हाई. तू गेला, आन् लगीच शिवला."

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी मोठ्यानं सांगायला लागलो की ही बंदुकीची भीती आहे, छावणीत तो कावळा मारला त्याची आहे, तात्यांचा यात काही संबंध नाही. उत्तरेश्वर "व्हय, व्हय" म्हणाला, पण माझ्याकडं न बघता. तो पत्रावळीपुढं खाली बसला होता.

पाखऱ्याचा खांदा पुढं पुरा भरला. जागेवर पांढरे केस आले. दुर्बीण माझ्याकडंच राहिली, त्यानं परत मागितली नाही. दर सर्वपित्री अमावास्येला तात्यांचं पान पत्र्यावर ठेवायला तो मला बोलावतो. पान त्याच्या हातचं वाढलेलं असतं. ते माझ्या हातात देऊन तो घरात जातो, दार लावून घेतो आणि आतून विचारत राहतो, "आला का रे, बंकट?"

मी आला म्हणतो. मागच्या साली ऊन कलेपर्यंत एकही आला नाही. तरी आला म्हणालो.