रुद्राणीच्या मुठीतला माऊस

मी माऊस बोलतोय. बिळातला नव्हे, टेबलावरचा. काळा, पोटात लाल दिवा असलेला, लांब शेपटीचा.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते थेट राजारामपुरीतलं हंबीररावांचं सायबर कॅफे. साल दोन हजार सहा. हंबीररावांनी मला खोक्यातून काढलं, खिडकीजवळच्या संगणकाला जोडलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "टिकशील न्हवं बाबा? आधीच्याचं पोरांनी पार भुस्काट पाडलंय."

त्या कॅफेत ईमेल बघायला फार थोडे यायचे. बाकी सगळे यायचे मारामारी करायला. इंटरनेटवरचा एक खेळ होता. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे, मधे एक पडका बुरूज. जो संघ बुरूज धरून ठेवेल तो जिंकला. प्रत्येकानं सुरुवातीला आपलं एक पात्र निवडायचं आणि मग समोरच्यांना मारत सुटायचं. मेलेला थोड्या वेळानं पुन्हा उभा राहायचा, पुन्हा मरायला.

पडद्यावर नेम धरायची जी बारीक फुली असते ना, ती म्हणजे मीच. मी सरकलो की ती सरकते. माझं डावं बटण दाबलं की कुणाचं तरी डोकं फुटतं. दिवसभरात किती डोकी फुटायची, याची मला मोजदाद नव्हती आणि वाईटही वाटत नव्हतं. मला वाटायचं, रक्त म्हणजे पडद्यावरचा एक रंग.

माझ्या जागेवर बहुतेक वेळा बसायचा बसवेश. कसबा बावड्याचा, किराणा दुकानदार बसाप्पांचा मुलगा. मोबाईल दुरुस्ती शिकत होता. त्याच्या बोटांच्या टोकांना सोल्डरिंगचे बारीक चटके असायचे. हात मात्र इतका हलका, की मला ओझं असं कधी वाटलंच नाही.

समोरच्या रांगेत अमरसिंह बसायचा. कागलचा, इथं हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करणारा. नेम अचूक आणि डोकं गरम.

एका दुपारी बसवेशच्या संघानं अमरसिंहाच्या संघाला बुरुजावरून हुसकून लावलं. निघताना बसवेश उंबऱ्यावर बूट घालायला बसला आणि हसत म्हणाला, "कागलचं पावणं, बुरूज सोडा आता. एस्टी चुकंल तुमची!"

सगळे खदाखदा हसले. अमरसिंह बाहेर पायरीवर उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि शटर खाली ओढलं.

बसवेशचा उजवा हात उंबऱ्यावर टेकलेला होता.

ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मग किंकाळी. हंबीररावांनी धावत जाऊन शटर वर ढकललं. दोन बोटांचा चेंदा झाला होता, तिसऱ्याचं हाड बाहेर आलं होतं. उंबऱ्यावरून रक्त पायरीवर उतरत होतं, आणि खेळातल्यासारखं कुणी पुन्हा उभं राहिलं म्हणून ते पुसलं जाणार नव्हतं.

"शटर घसरलं," अमरसिंह म्हणाला. इतरांनीही तेच म्हटलं. पुढं पोलीस येऊन विचारून गेले, तेव्हाही शटर घसरलेलंच होतं.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी कॅफेत आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. शेजारच्या गल्लीतल्या लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायचं काम करायची. बसवेशची थोरली बहीण, रुद्राणी.

"बसवेश कुठं बसायचा?"

हंबीररावांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ती खुर्ची ओढून बसली. "शिकवा मला ह्यो खेळ."

"पोरी, तुझं काय काम हितं? पोरं शिव्या देत्यात..."

"देऊ देत की. माझ्या भावाची बोटं ज्याच्यापायी गेली, ते काय हाय ते बघाय आलोय मी."

तिचा तळहात माझ्यावर पडला आणि मी दचकलो. थंड, कोरडा, जराही न थरथरणारा हात. शीर शोधायची सवय असलेला.

हंबीरराव तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. खेळातल्या पात्रांची नावं इंग्रजी होती, पण आमच्या पोरांनी त्यांचं बारसं केव्हाच केलं होतं. पहिला तोडकर. हातात कुऱ्हाड, उघडा देह, रानडुकरासारखा सुसाट. रुद्राणीनं तोच उचलला. पळत सुटली आणि बुरुजापर्यंत पोचायच्या आत मेली. पुन्हा पळाली, पुन्हा मेली.

"ह्यो निस्ता बोंबलत जातोय आन् मरतोय," ती वैतागली.

"तू पळवतीस तसा पळतोय त्यो," हंबीरराव म्हणाले.

मग नेमवाली. लांब नळीची बंदूक घेऊन छपरावर पालथी पडून राहणारी किडकिडीत बाई. रुद्राणीनं श्वास रोखून मला केसभर सरकवलं आणि बटण दाबलं. लांबवरच्या एका माणसाच्या कवटीची वरची बाजू उडाली. तिनं पटकन हात उचलला. "त्याला कळलंबी न्हाई, कुणी मारलं ते."

"ही अमरसिंहाची. त्यो दुसरं कुणी घेतच न्हाई."

रुद्राणीनं पुन्हा नेमवाली घेतली नाही.

सुरुंगवाला तिला पहिल्या नजरेत आवडला नाही. वाकून चालायचा, वाटेत काहीतरी पुरायचा, आणि मागं कुणाचे पाय तुटले हे बघायलाही थांबायचा नाही. मलमवालीची तिला कीव आली. सगळे तिच्यावरच ओरडत होते, हिकडं ये, मला वाचव, मेलीस का गं. एकाला पट्टी बांधेपर्यंत दुसरा मरायचा आणि खापर तिच्या डोक्यावर फुटायचं.

शेवटी ढालवाला. जाडजूड, बुटका, हातात दारासारखी ढाल. बंदूक नाही. रुद्राणी त्याला घेऊन पुढं गेली तर सगळ्या गोळ्या तिच्यावरच येऊ लागल्या.

"ह्याला मारताच येत न्हाई?"

"ढकलता येतं. पर काम येगळं हाय त्याचं. म्होरं उभं ऱ्हायचं, म्हणजे मागचं चौघं जगत्यात." हंबीररावांनी पडद्याकडं बोट केलं. "बसवेशचा ह्योच. सगळ्यांत जास्त त्योच मरायचा."

तिचा हात माझ्यावर तसाच पडून राहिला. पडद्यावर ढालवाला गोळ्या खात उभा होता, ढाल तडकत चालली होती. घरात हा भाऊ तिला आळशी वाटायचा. दुकानात वडिलांना मदत नको, सदानकदा खेळ. तो इथं येऊन काय करत होता, हे तिला आज कळत होतं. ढाल फुटली, ढालवाला गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. माझ्या पाठीवर पाण्याचा एक थेंब पडला. तिनं तो कोटाच्या बाहीनं पुसला.

त्यानंतर ती रोज यायची. ढालवाल्याला मात्र हात लावायची नाही. तिनं तोडकरच घेतला आणि त्याला गप्प चालायला शिकवलं. भिंतीच्या कडेनं, मागच्या जिन्यानं, पाठीमागून. शिव्या देणारी पोरं तिला पाहून शिव्या गिळू लागली.

अमरसिंह त्या प्रकारानंतर कॅफेकडं फिरकला नव्हता. एका दुपारी आला. खिडकीजवळ कोण बसलंय हे त्याला ठाऊक नसावं. त्यानं नेहमीची जागा घेतली, नेहमीची नेमवाली घेतली आणि खेळ सुरू झाला.

रुद्राणीनं बुरुजाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मागच्या जिन्यानं छपरावर गेली. नेमवाली पालथी पडली होती. पहिला घाव मानेवर, दुसरा पाठीवर. रक्ताची चिळकांडी छपराच्या कौलांवर उडाली. नेमवाली पुन्हा उभी राहिली, रुद्राणी पुन्हा पोचली. तिसऱ्यांदा तर तिनं मेलेल्या देहावरही कुऱ्हाड चालवली. माझं बटण असं दाबत होती की आतली पट्टी वाकते की काय असं वाटलं. तिचा संघ हरत होता, सोबतची पोरं "बुरूज, बुरूज!" म्हणून ओरडत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. तो थंड हात आता तापला होता.

अमरसिंह ताडकन उठला. "कोण हाय रं त्यो तोडकर? खेळाय आलाय का सूड उगवाय?"

"सूड," रुद्राणी म्हणाली आणि उभी राहिली. "बसवेशची बहीण हाय मी."

बाकीच्यांच्या हाताखालचे माऊस जागच्या जागी थांबले. अमरसिंह तिच्यासमोर आला, पण नजर जमिनीवर.

"एकच सांग. शटर वढताना हात दिसला हुता का न्हाई?"

त्यानं वळून पोरांकडं पाहिलं.

"दिसला हुता का?"

भोवती सगळी पोरं बघत होती. माणूस घाबरला आणि चारचौघांत असला, की तोंडातून भलतंच काहीतरी निघतं. तो कसंनुसं हसला. "ढालवाला हुता न्हवं त्यो? मग ढाल धरायची की."

मी तिच्या मुठीतच होतो. मला काही कळायच्या आत शेपटीला हिसका बसला, तार संगणकातून उपटली गेली आणि मी तिच्या मुठीसकट हवेत होतो. मग त्याच्या भुवईवर आदळलो. माझं कवच तडकलं. तडकलेल्या कडेनं त्याची कातडी फाटली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा खरं रक्त लागलं. गरम असतं ते. चिकट असतं.

तो भेलकांडत टेबलावर कोसळला. रुद्राणीनं हात पुन्हा उगारला होता. खेळात मेलेल्यावर चालवला तसा. त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं, तो चाचपडत "दिसंना, मला काय दिसंना" म्हणाला, आणि तिचा हात वरच्या वर राहिला.

मग मात्र ती लॅबमधली रुद्राणी झाली. ओढणीची घडी केली, भुवईवर दाबली. "हंबीरकाका, रिक्षा बोलवा. तू मान वर कर. डोळा उघडू नको."

रिक्षात ती त्याच्या शेजारी बसली. एका हातानं जखम दाबलेली, दुसऱ्या मुठीत अजून मी. मला खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. माझी शेपटी रिक्षाबाहेर लोंबत होती. आणि रोज शिरा शोधणारा तो हात मला असा आवळून होता की माझं तडकलेलं कवच करकरत होतं.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर अमरसिंह म्हणाला, "दिसला हुता."

तिनं त्याच्याकडं मान वळवली.

"हात दिसला हुता मला. वाटलं, काढून घील. आन् मग वाटलं, न्हाई काढला तर न्हाई काढला." त्यानं भुवईवरची ओढणी नीट दाबून धरली. "तवापासनं शटरचा आवाज आला की जेवाण जाईना मला."

रुद्राणीनं मूठ उघडली. माझ्यावरचं वाळत आलेलं रक्त तिच्या तळव्याला लागलं होतं. "मलाबी तुझा डोळा दिसत हुता," ती म्हणाली. "तरीबी मारलं मी."

आतून हाक आली. डॉक्टरांनी काय लागलं म्हणून विचारलं, तेव्हा तो "दारावर आदळलो" म्हणून सांगू लागला. रुद्राणीनं त्याला थांबवलं. "दारावर न्हाई, डॉक्टर. मी मारलंय."

डोळा वाचला. भुवईवर टाके पडले. पोलिसांत कुणीच गेलं नाही.

बसवेशला हे कळलं तेव्हा तो बहिणीवर उखडला. तिनं मला धुऊन घरी नेलं होतं, म्हणून ते मी ऐकलं. "अक्का, माझ्या नावानं तू मारलंस? मी सांगितलं हुतं तुला?" तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण अमरसिंह एका सकाळी बावड्याला येऊन बसाप्पांच्या दुकानासमोर उभा राहिला, आणि जे दवाखान्यात बोलला होता तेच भर रस्त्यात बोलला, तेव्हा बसवेश आत उठून गेला नाही. बसाप्पांनी त्याला चहा दिला नाही आणि हाकललंही नाही.

बसवेशचा हात बरा झाला तो एवढाच: दोन बोटं वाकायची नाहीत. सोल्डरिंग सुटलं. तो दुकानात बसू लागला.

दिवाळी होऊन गेल्यावर रुद्राणी मला आणि बसवेशला घेऊन कॅफेत आली. हंबीररावांनी तोवर नवे माऊस आणले होते, पण ते सगळे उजव्या हाताच्या वळणाचे. मी जुन्या घाटाचा, दोन्हीकडून सारखा. बसवेशनं मला कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलं. त्याचा डावा हात माझ्यावर पडला, अडाणी, जड, कुठं दाबावं ते न कळणारा. माझं बटण आता त्याचं मधलं बोट दाबत होतं.

त्यानं ढालवाला घेतला. ढालवाला भिंतीवर जाऊन आदळला. वळला, पुन्हा आदळला.

समोरच्या रांगेत अमरसिंह होता. भुवईवर पांढरा व्रण. छपरावरची नेमवाली बसवेशच्या कपाळावर नेम धरून पडली होती. ढाल भलत्याच दिशेला. गोळी मात्र येईना.

"मार की!" बसवेश ओरडला.

"तुझा हात अजून बसला न्हाई रं."

"मग? खेळाय आलोय मी, दया मागाय न्हाई. मार!"

गोळी आली. पडदा लाल झाला. रुद्राणी शेजारच्या खुर्चीत दचकली. बसवेशनं एक सणसणीत शिवी दिली आणि हात चेंगरल्यापासून पहिल्यांदा हसला. "परत," तो म्हणाला आणि मला घट्ट धरलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं चाक फिरत नाही, तडकलेलं कवच चिकटपट्टीनं बांधलंय. बसवेशचा डावा हात आता हलका झालाय. माझ्याच्यानं फार दिवस होईल असं वाटत नाही, तेव्हा जाण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्याही हाताखाली माझा कुणी भाऊबंद असेल. बटण दाबा, बिनघोर दाबा, समोरच्याला पाडा, तुम्हीही पडा. फक्त खुर्चीवरून उठताना त्याला टेबलावरच ठेवा. मुठीत घेऊन उठू नका.