भाटखोलकरांची खोली

पर्यटनाला मंदी आली तेव्हा मला आनंद झाला. अशा गोष्टी लोक मनात ठेवतात. पण माझी सगळी नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर गेली, आणि त्या खिडकीवर बसणाऱ्याला गोड बोलायची सवय लागत नाही. झाला आनंद, म्हणून सांगितला.

आमची खोली लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. आमची म्हणजे माझी नव्हे, गावाची. मालवणच्या अलीकडे भाटखोल म्हणून आमचं गाव आहे. गावातून मुंबईला आलेल्या माणसाला पहिल्या रात्रीपासून डोकं टेकायला जागा हवी, म्हणून गावाच्या मंडळाने गिरण्यांच्या काळात ही खोली पागडीने घेतली. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी, माळ्यावर एक ट्रंक आणि चटई पसरेल एवढी जमीन. बायकामुलं गावाला, माणसं इथे. मंडळाच्या नावाने घरमालक पावती फाडत नाही, म्हणून भाड्याची पावती खोलीतल्या सर्वांत जुन्या माणसाच्या नावावर असते. सध्या ती माझ्या नावावर आहे, शामराव म्हणून.

मी आलो तेव्हा आम्ही अठराजण होतो. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून मावायचो. एक उठला की त्याच्या गरम चटईवर दुसरा पडायचा. शेजारच्या मीराबाई सगळ्यांचं जेवण रांधायच्या. पंख्याखाली कोण झोपणार यावरून रोज भांडण आणि साबण कोणी संपवला यावरून एक दिवसाआड. माझं लग्न झालं नाही, करायचं राहून गेलं म्हणा. त्या भांडणांत मला ते कधी जाणवलंही नाही.

मग गावच्या समुद्राला भाव आला. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून भाटखोलला यायला लागली. ज्या पाण्यात आम्ही लहानपणी म्हशी धुतल्या त्याच पाण्यात तोंडाला नळी लावून मासे बघायचे पैसे देऊ लागली. शिवाचा मुलगा सुशांत लोअर परळच्या एका मॉलमध्ये कामाला होता. त्याने नोकरी सोडली आणि माडांच्या बागेत कॉटेजं बांधली. शिवा माझा खास, एका वयाचा, माझ्या बाजूची खुंटी त्याची. तोही गेला. मागोमाग विकास गेला, दीपक गेला, एकेक करून सगळे गेले. जाताना प्रत्येकजण म्हणाला, शामा, तूपण चल. कुठे जाऊ? आईबाप गेले, घराचं नुसतं जोतं उरलं, आणि मी काय पाहुण्यांना शहाळी सोलून देऊ?

मी एकटा राहिलो. अठरा माणसांची खोली एकट्याला फार मोठी होते. मी रेडिओ लावायचो, मग तो कोण ऐकतंय म्हणून बंद करायचो. गणपतीत अख्खं लालबाग ओसंडून वाहत असताना मी दार लावून बसायचो, कारण बाहेरच्या गर्दीतून आत आलं की आतलं जास्त लागायचं.

गावी गेलेल्यांनी मला एक काम ठेवलं होतं. गावात डोंगराआड फोन लागत नाही, म्हणून बुकिंगसाठी माझा नंबर दिलेला. त्यामुळे मंदी आली हे त्यांच्या आधी मला कळलं. आधी पुण्याच्या आयटीतले लोक यायचे बंद झाले. "काका, कंपनीत माणसं काढतायत, या वर्षी नको." मग जे यायचे ते घासाघीस करायला लागले. एक डच नवरा-बायको दर हिवाळ्यात चार महिने सुशांतच्या कॉटेजमध्ये राहायचे. त्यांची तिकडची पेन्शन तिकडच्या महागाईलाच पुरेना. बाईने फोन करून मोडक्या इंग्रजीत सॉरी म्हटलं, आणि मी त्याहून मोडक्या इंग्रजीत नो प्रॉब्लेम म्हटलं. प्रॉब्लेम मला खरंच नव्हता. नंतर मस्कतला नोकरी करणाऱ्या आमच्या गावच्या राहुलची कंपनी बंद पडली. त्याच्या पैशावर गावात दोन बोटी घेतलेल्या.

मी सरळ हिशेब केला. तिथे धंदा नाही, म्हणजे नोकरी शोधायला इथे यावं लागणार. इथे आले की राहणार कुठे? मी माळ्यावरच्या ट्रंका पुसल्या, चटया गॅलरीत ऊन दाखवून घेतल्या. मीराबाईंना सांगितलं, "तयारी ठेवा, डबे वाढणार आहेत."

मीराबाईंनी माझ्याकडे बघितलं. "शामभाऊ, कोण येतला हयसर? पोरांका आता एसी लागता."

"बघालच तुम्ही," मी म्हटलं.

जानेवारीत शिवाचा फोन आला. ऐन हंगामात कॉटेजं ओस पडली होती. आमच्याकडे अडचण आली की देवळात गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, मागायचं ते मागायचं, आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. भाटखोलात तो मान आमच्या घराण्याचा, आणि घराण्यात उरलेला मी एकटा. "शामा, फोनवरून घाल," शिवा म्हणाला. "देवळाच्या पायरीर रेंज येता. मी स्पीकर लावतंय."

मी तसबिरीसमोर नारळ ठेवला, टोपी घातली आणि फोन हातात धरला. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! तुझी लेकरां आज अडचणीत आसत. समिंदराच्या काठार तेंनी धंदो मांडल्यानी, पण पावणो येणा नाय. कोणाची नजर लागली आसात तर ती काढ, कोणाचा काय चुकला आसात तर पदरात घे, आणि तेंची घरां पावण्यांनी भरून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" फोनमधून खरखरत सगळ्यांचा आवाज आला. शिवाचा मला वेगळा ओळखू आला.

फोन बंद झाला. खोली पुन्हा गप्प झाली. नारळ तिथेच होता, टोपी डोक्यावर होती. मग मी माझं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, पावणे येव नको. धंदो बसांदे. माझी माणसां माका परत दी."

गाऱ्हाण्याला होकार दुसऱ्याने द्यायचा असतो. दुसरं कोणी नव्हतं. मी आवाज जरा बदलला आणि स्वतःच म्हटलं, व्हय म्हाराजा. मला वाईट वाटलं नाही. भात खाल्ला आणि शांत झोपलो.

मे महिना पाहुण्यांविना कोरडा गेला. जूनच्या सुरुवातीला शिवाचा फोन आला, "रविवारी सगळे येतंव."

"सगळे?"

"सगळे. मंडळाची मिटिंग आसा, खोलीतच."

मी शनिवारी जमीन दोनदा पुसली. मीराबाईंचे गुडघे दुखत होते, तरी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली आणि भाताचं जुनं पातेलं शोधून काढलं. रविवारी चपलांनी गॅलरी भरली. विकास आत आला, बोलता बोलता त्याने पिशवी आपल्या जुन्या खुंटीला अडकवली. न बघता. मी तोंड फिरवलं आणि ताटं मांडायला लागलो. दोन पंगती बसल्या. सगळे एकदम बोलत होते, कोणाचं कोणाला ऐकू जात नव्हतं. मी वाढत होतो. बरीच वर्षं मी इतका सुखी नव्हतो.

जेवणं झाल्यावर सुशांतने माझ्याच टॉवेलला हात पुसले आणि तो समोर बसला. "काका, सरळच बोलतो. बँक थांबत नाही. कॉटेजं जातील, बोटी जातील, सगळ्यांचं जाईल. या खोलीला गिऱ्हाईक मिळालंय. मंडळाची तयारी आहे. फक्त पावती तुमच्या नावावर आहे, तर सही तुमची लागेल."

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"तुम्ही गावाला या ना," तो म्हणाला. "तीन नंबरचं कॉटेज घ्या. एकदम समोर समुद्र. तसं पण रिकामंच असतं."

नाही म्हणायचा हक्क मला होता आणि तिथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मी विचारलं, "आणि नाही विकली तर?"

सुशांतने खोलीवरून नजर फिरवली. खुंट्या, माळा, कोपऱ्यातली मोरी. "तर काय," तो म्हणाला, "सगळ्यांनी परत इथे येऊन पडायचं."

कोर्टाने शिक्षा सुनावल्यावर माणूस घरच्यांना सांगतो तशा आवाजात तो हे बोलला. विकासने मान खाली घातली. शिवा भिंतीला टेकून बसला होता, त्याने डोळे मिटून घेतले. मी एकेकाचं तोंड बघितलं. मी ज्याच्यासाठी ट्रंका पुसल्या, नारळ ठेवला, ते या माणसांना जगातलं सगळ्यात वाईट वाटत होतं. आणि ते माझ्या हातात होतं. एक 'नाही' म्हणायचं, महिन्याभरात अठरा चटया पसरल्या असत्या.

मला नाही म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? चांगला बराच वेळ वाटत राहिलं.

मग मी म्हटलं, "पेन द्या."

सुशांत माझ्या पाया पडला. दीपक रडला. कोणीतरी चहा मागवला. कॉटेजचं काय ते नंतर बघू, असं मी सांगितलं आणि त्यांनीही फार आग्रह केला नाही. मी सगळ्यांच्या चटया काढून ठेवल्या होत्या, पण गावाची बस संध्याकाळची होती. खाली रस्त्यावरूनच सुटते. ते पिशव्या उचलून भराभर निघाले. विकासने खुंटीवरची पिशवी काढली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

शिवा सगळ्यांत शेवटी निघाला. दारात चपला घालताना भिंतीला हात लावून उभा राहिला. म्हातारा झालाय, माझ्यापेक्षा जास्त.

"तू येवढा गाऱ्हाणा घातलंस," तो म्हणाला, "पण देवान आयकल्यान नाय रे, शामा."

"आयकल्यान," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी धीर देतोय. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला, थोडा दाबला, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेला.