घरचा कर्णा

सगळं शहर त्याला 'हॅलो' म्हणायचं. लग्न असो, प्रचारसभा असो की शाळेचा बक्षीस समारंभ, भाड्याचा सेट लावून झाला की हा गडी पुढे यायचा, माईकवर टिचकी मारायचा, "हॅलो, हॅलो" म्हणायचा आणि अॅम्प्लिफायरमागच्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसायचा. उभा जन्म माईकच्या संगतीत गेला, पण त्यावर दुसरा शब्द त्यानं कधी काढला नाही. बोलणारा खरं बोलो की खोटं, शेवटच्या माणसापर्यंत आवाज स्वच्छ पोचला पाहिजे, एवढंच आपलं काम, असं तो म्हणायचा. असलं तत्त्व फार सोयीचं असतं. त्यात कुणाशी वाकडं येत नाही आणि झोपही छान लागते.

त्या दिवशी सकाळी मात्र पोलीस ठाण्यातले साहेब स्वतः दुकानात आले आणि स्टूल ओढून बसले. संध्याकाळी नगरपालिकेसमोरच्या मैदानात सभा होती आणि तिला सेट हॅलोचाच होता. कपड्यांच्या कारखान्यात आग लागून तीन बायका गेल्या होत्या. कारखान्याचं म्हणणं, मागचं दार उघडंच होतं, बायका घाबरून भलतीकडे पळाल्या. म्हणजे मेल्या त्या मेल्या, वर चूकही त्यांचीच. दाराला बाहेरून कुलूप होतं, अशी शहरात नुसती कुजबुज होती. चौकशी त्याच वाटेनं निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी आटोपणार होती, कारण वाचलेल्या बायका मूग गिळून बसल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोललं की काम जातं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण त्यांच्यातली एक आज सभेत सगळ्यांत शेवटी बोलणार, अशी कुणकुण साहेबांना लागली होती. कोण, ते मात्र त्यांनाही कळलं नव्हतं.

साहेबांनी आवाज चढवला नाही. हॅलोला चहासुद्धा मागवू दिला. ती बाई बोलायला उभी राहिली की फ्यूज उडू दे, म्हणाले. फ्यूज काय, कुणाचाही उडतो. आणि नाही उडाला, तर लोकांना भडकवल्याचा गुन्हा, सेट जप्त, परवाना कायमचा रद्द. एवढं सांगून त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि चहा छान होता असंही म्हणाले.

हॅलो "बघतो" म्हणाला. घाबरलेल्या माणसाचं 'बघतो' म्हणजे 'हो'च असतं, आणि साहेबांची सारी नोकरी असलेच 'बघतो' गोळा करण्यात गेली होती.

दुपारी जेवायला घरी आला तर घास उतरेना. समोर आई बसली होती. आईचा आवाज कायमचा बसलेला, घोगरा, कुरकुरणारा. तिनं हाक मारली की शेजारचे म्हणतात दाराच्या बिजागरीला तेल घाला, अशी घरात तिची थट्टा चालायची आणि तीही त्यात हसायची. पण तो आवाज जन्माचा तसा नव्हता. लग्नाआधी ती काड्यापेटीच्या कारखान्यात होती. तिथंही आग लागली होती, तिथंही दाराला बाहेरून कुलूप होतं, कारण बायका वेळेआधी घरी पळतात असा मालकाला संशय. त्या काळी शहरात कर्णा नव्हता. लोक कारखान्याच्या फाटकाशी जमले, दिवसामागून दिवस बसून राहिले, लाठ्या खाल्ल्या, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून ही पोरगी पिंपावर उभी राहून ओरडत राहिली. कुलूप निघालं. आत माणसं असताना दाराला कुलूप लावायचं नाही असा नियम झाला, आणि तिचा गळा गेला तो गेलाच.

त्या गर्दीत रेडिओ दुरुस्त करणारा एक तरुण होता. त्यानं पुढे तिच्याशी लग्न केलं आणि पत्रा वळवून स्वतःच्या हातानं पहिला कर्णा बनवला. पुन्हा कुणाला असा गळा फाडायला लागू नये, म्हणायचा. तो बाप गेला, धंदा वाढला, आणि कर्ण्याला कामं मिळत गेली ती लग्नाची आणि पुढाऱ्यांची. पोचे पडलेला तो जुना कर्णा हॅलो अजूनही प्रत्येक सभेत सगळ्यांत पुढे बांधायचा. का, असं कुणी विचारलं तर सवय आहे म्हणायचा.

"आम्हाला वाटलं, एकदा नियम झाला की झालं," आई जेवता जेवता म्हणाली. "पण त्याच्यावरही लक्ष ठेवावं लागतं बाबा. आम्ही घरी जाऊन बसलो."

हॅलो ताटातला भात चिवडत राहिला. शेजारी भाची जेवत होती. बहिणीची मुलगी, कामासाठी मामाकडे राहायला आलेली, त्याच कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी. आवाज इतका बारीक की घरात तिचं नाव चिमणी. आगीच्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी लवकर निघाले, असं तिनं सांगितलं होतं. तळहाताला पट्टी होती, ती कात्री लागली म्हणून. हॅलोनं ते सगळं मानलं होतं. मानून घेणं सोपं होतं, आणि सोपं असेल तिकडे त्याचा ओढा पहिल्यापासूनच. त्या दुपारी आजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच त्याला दिसलं.

संध्याकाळी मैदान भरलं. शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, हमाल होते, नर्सा होत्या, कारखान्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशीही माणसं होती. रस्त्याच्या कडेनं पोलिसांच्या गाड्या लागल्या होत्या. मागची फळी पाडलेला एक ट्रक म्हणजे व्यासपीठ, आणि ट्रकच्या चाकाशी हॅलोचं टेबल. सभा सुरू झाल्यावर साहेब साध्या कपड्यांत त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, चार लोक उभे राहतात तसे.

भाषणं होत गेली. हॅलोच्या कानात एक शब्द शिरला नाही. नजर फ्यूजवर होती. तो स्वतःची समजूत घालत होता. कोण कुठली बाई, ना ओळख ना पाळख. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? क्षणभराचं काम, मग आपण बरे आणि आपलं काम बरं.

मग सभा चालवणाऱ्या शाळेतल्या एक बाई माईकवर आल्या आणि आगीच्या वेळी आत असलेली आपली एक बहीण आता बोलेल म्हणाल्या. ट्रकच्या फळीवर चिमणी चढली.

हॅलोनं वळून गर्दीकडे बघितलं. पहिल्या रांगेत आई बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. म्हणजे हे घरातच ठरलं होतं, त्याच्या ताटाशेजारी, आणि त्याला पत्ता नव्हता.

चिमणीनं दोन्ही हातांनी माईक धरला. गर्दीकडे बघायच्या आधी तिनं खाली मामाकडे बघितलं.

"मामा, चालू आहे ना?"

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. लोक मायेनं हसले. हॅलोनं मान हलवली.

"मला बोलायची भीती वाटत होती," ती म्हणाली. "पण आजी म्हणाली, बोल तू, कर्णा आपल्या घरचा आहे."

मागे साहेब खोकले.

इथं त्यानं काहीतरी शूरपणा करायला हवा होता, असं आपल्याला वाटतं. घरी बसून वाटतंच. त्याचा हात पुढे गेला आणि त्यानं फ्यूज काढला.

मैदान मुकं झालं. चिमणीचे ओठ हलत राहिले. तिनं माईकवर टिचकी मारून पाहिली, मामा मारतो तशीच, आणि मग खाली त्याच्याकडे बघितलं.

"फ्यूज उडाला," हॅलो म्हणाला.

तिनं मान डोलावली आणि थांबली. तिनं संशय घेतला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण लहानपणी दिवे गेले की मामा येईपर्यंत जागची हलायची नाही, तशीच ती आता थांबली होती. मैदानही थांबलं होतं. हॅलोचा सेट आहे, करेल तो नीट, असं लोक एकमेकांना सांगत होते.

साहेबांनी हात पुढे केला. हॅलोनं मुकाट्यानं फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांनी तो खिशात टाकला. जादाचा त्याच्याजवळ नव्हता. पोलीस कडेकडेनं फिरू लागले, सभा संपली, घरी चला म्हणू लागले. मागची माणसं उठून कपडे झटकायला लागली. ती एकदा पांगली की सगळं आटोपलं. उद्या चौकशी मिटणार, दार उघडंच होतं असं ठरणार आणि परवापासून त्या दाराला पुन्हा कुलूप.

तेव्हा आई उठली. गर्दीकडे वळून तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडली. निघाली ती नुसती हवा. ती पुन्हा ओरडली. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लालबुंद झाला, आणि जो घोगरा सूर निघाला तो शेजारच्यालाही धड ऐकू गेला नसेल. ज्या कुलपासाठी गळा घालवला तेच कुलूप परत आलं होतं आणि म्हातारीकडे आता गळा उरला नव्हता.

हॅलोला ते बघवेना. तो खुर्चीवर चढला. खाली उतर, असं साहेब म्हणाले ते त्याला ऐकू आलं, पण तोवर तो उभा राहिला होता.

"बोल," तो चिमणीला म्हणाला. "एकेक वाक्य बोल. मी सांगतो मागे."

"त्या दिवशी मी आत होते," चिमणी म्हणाली.

"त्या दिवशी मी आत होते," हॅलो ओरडला.

हा मिशीवाला 'होते' म्हणतोय म्हणून दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली. आलेला आवाज तसाच पुढे सोडायचा हा त्याचा जन्माचा धंदा, शब्द बदलायचं त्याला सुचलंच नाही. पण त्याचाही आवाज जेमतेम अर्ध्या मैदानापर्यंत गेला. तिथं एका हमालानं ते वाक्य उचललं, त्याच्यामागे बायकांच्या घोळक्यानं, आणि थोड्या वेळानं रस्त्यापलीकडून ते ऐकू आलं. निघालेली माणसं जागच्या जागी थांबली.

"दाराला बाहेरून कुलूप होतं," चिमणी म्हणाली, आणि तिनं ते शेवटपर्यंत जाऊ दिलं. "चावी सुपरवायझरच्या खिशात होती. तो बाहेरच उभा होता." तेही गेलं. "आम्ही दार बडवलं. त्याला म्हटलं, उघड. तो म्हणाला, बघतो."

'बघतो' म्हणताना हॅलोची जीभ अडखळली. एक पोलीस त्याचा हात धरून ओढत होता, पण नर्सा आणि हमाल येऊन खुर्चीभोवती उभे राहिले आणि पोलिसाला मागं सरावं लागलं.

मग चिमणी थांबली. वाक्य पार पलीकडे पोचलं तरी ती पुढचं बोलेना. पट्टी बांधलेला हात तिनं दुसऱ्या हातात घट्ट धरला होता.

"वरच्या खिडकीची काच फोडून मी चढले," ती शेवटी म्हणाली. "शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीनं माझा हात धरला होता. तिचा हात मी सोडला."

एवढ्यासाठी पोर इतके दिवस गप्प होती, हे हॅलोला आता कळलं. काम जाईल याचं तिला काहीच नव्हतं. ते वाक्य त्याला लगेच म्हणवेना, कारण ते जितकं तिचं होतं तितकंच त्याचंही होतं, आणि त्याचं तर अगदी ताजं.

"तिचा हात मी सोडला," तो ओरडला.

मैदानानं ते उचललं, पण या वेळी आवाज खाली आला. हमाल म्हणाला, नर्सा म्हणाल्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता माणसं जमिनीकडे बघायला लागली. ज्याला त्याला आपापला सोडलेला हात आठवला असावा. रस्त्यापलीकडून शेवटचं "मी सोडला" आलं आणि सगळीकडे शांतता झाली.

त्या शांततेत हॅलोनं उभ्या जन्मातलं स्वतःचं पहिलं वाक्य म्हटलं.

"फ्यूज उडाला नव्हता. मी काढला."

लोकांना लय लागली होती, त्यांनी तेही उचललं. फ्यूज उडाला नव्हता, मी काढला, असं हमाल म्हणाला, बायका म्हणाल्या, रस्त्यापलीकडची माणसं म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं. सगळ्या नजरा हॅलोवर आल्या. मग त्या त्याच्यामागे उभ्या असलेल्या साहेबांवर गेल्या. साहेबांचा हात नकळत खिशावर गेला.

आईनं मुलाकडे बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती आणि त्यानं नजर चुकवली नाही. पण चिमणीच्या चेहऱ्यावरचा विश्वास जाताना त्याला दिसला, आणि सेट, परवाना, दुकान सगळं गेलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं. तो खुर्चीवरून उतरायला वाकला.

"मामा, उतरू नकोस," चिमणी म्हणाली. आवाज बारीकच होता, पण आता कापत नव्हता. "माझं संपलं नाही अजून."

तिनं पट्टीच्या हातानं डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडे बघत म्हणाली, "उद्या मी चौकशीत जाऊन हेच सांगणार आहे."

आणि ती थांबली, मामाची वाट बघत. हॅलोनं तोंड उघडलं. आवाज फाटला होता, निघाला तो आईसारखाच घोगरा, पण त्यानं ते वाक्य जसंच्या तसं मैदानाला सांगितलं. हमालानं ते म्हटलं, आईनं ओठांनी म्हटलं, हजारो माणसांनी म्हटलं, उद्या मी चौकशीत जाऊन हेच सांगणार आहे. ते रस्त्यापलीकडून परत येईपर्यंत तो खुर्चीवर उभा राहिला.