संध्याचं लेकरू

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर संध्याला दिवस गेले, तेव्हा अंबडच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपासना संपल्यावर पेढे वाटले गेले. तिचा नवरा सुमित तिथला पास्टर. गर्भपात म्हणजे देवाच्या हातातलं काम हिसकावून घेणं, असं तो तरुण जोडप्यांना सांगायचा. ते त्याला मनापासून पटलेलं होतं.

पाचव्या महिन्यात जालन्याला सोनोग्राफी झाली. डॉक्टर महजबीन यांनी दोघांना समोर बसवून सावकाश सांगितलं. बाळाची कवटी तयारच झालेली नाही, मेंदूही जवळजवळ नाही. जन्मलं तरी काही तास, फार तर एखादा दिवस. यावर इलाज नाही. गर्भ काढायचा असेल तर कायद्यानं मुभा आहे, पण उशीर करू नका. आणि संमती फक्त संध्याची लागेल.

परतताना बसमध्ये सुमित एवढंच म्हणाला की आपण प्रार्थना करू. संध्या खिडकीबाहेर बघत राहिली. पोटात लेकरू हलत होतं.

सासू तुळजाबाईंनी काळजीपोटी मंडळीत सांगितलं आणि उपास सुरू झाले. बाया घरी येऊन संध्याच्या पोटावर हात ठेवायच्या, प्रभूला अशक्य असं काहीच न्हाई म्हणायच्या. संध्या मान हलवायची आणि त्या गेल्या की मोरीत नळ सोडून रडायची. तिचा विश्वास काही उडाला नव्हता. पण सगळे चमत्काराची वाट बघत होते आणि तिला एकटीला मरणाची वाट बघावी लागत होती.

एका दुपारी तिनं सुमितला विचारलं, "हे लेकरू मी कशासाठी वागवू? देवासाठी, का तुमी मंडळीला आजवर जे सांगितलं त्याच्यासाठी?"

"मला ते दोन्ही वेगळं करता येत न्हाई," तो म्हणाला. "जीव देवाचा आहे, एवढं मला माहीत. पण तुझं रडणं ऐकलं की पुढचं काहीच सुचत न्हाई."

"मंग मला ठरवू द्या. अन् मी जे ठरवीन त्याच्यात माझ्यासंगं राहा."

तिनं गर्भ काढायचं ठरवलं, आणि तो तिच्यासोबत जालन्याला गेला. मुलगी होती. महजबीन यांनी तिला लोकरीची टोपी घातली, मऊ कापडात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं. बोटं सुमितसारखी लांब होती. संध्या तिला धरून बसून राहिली, कुणी घाई केली नाही.

कबरस्तानाच्या फाटकात मंडळीतले जुने, मानाचे भागवतकाका उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पास्टर, आमच्या सुनेला गर्भ काढू नको म्हणून तुमीच थांबवलं होतं," ते म्हणाले. "आमचा नातू आज अंथरुणावर आहे. आमचा जीव आहे त्याच्यावर. पण ती मला विचारून राह्यली, पास्टरसाठी नियम वेगळा आहे का. तिला काय सांगू?"

दोन्ही लेकरांचं दुखणं सारखं नव्हतं, हे सुमितला सांगता आलं असतं. पण त्या सुनेच्या लेकराबद्दल आपण डॉक्टरांना काहीच विचारलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी आठवलं.

"मी येऊन तिला भेटतो," तो म्हणाला. "काय बोलणार, मला ठाऊक न्हाई. लेकराला तेवढी माती देऊ द्या."

भागवतकाका बाजूला झाले, मात्र आत आले नाहीत. शास्त्रवचन सुमितनं स्वतः वाचलं.

रविवारी त्यानं सगळं मंडळीसमोर सांगितलं. दोन घरं उठून गेली. मग प्रभुभोजनाची, मन देवाशी मोकळं असेल त्यानंच घ्यायची भाकर घेऊन तो एकेका रांगेपाशी जाऊ लागला. संध्या शेवटच्या बाकावर तुळजाबाईंशेजारी बसली होती. त्यानं तिच्यापुढे ताट धरलं.

"आज न्हाई," ती हळूच म्हणाली.

तुळजाबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. सुमित ताट घेऊन वेदीकडे परतला. पुढची प्रार्थना त्याला तोंडपाठ होती, तरी मध्येच दोनदा थांबावं लागलं.